तीनशे कोटी अक्षरांची पोथी

मराठीच्या प्राध्यापकाने जीवशास्त्रावर लेख लिहावा, म्हणजे भिक्षुकाने मोटार दुरुस्त करायला बसावे तसे आहे, हे मला ठाऊक आहे. आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या बाई हा अंक चाळतील आणि टीचर्स रूममध्ये चहाच्या वेळी माझी फिरकी घेतील, याचीही मी तयारी ठेवली आहे. पण या लेखाला निमित्त झाला तो एक कागद, आणि तो वाचण्याचे काम योगायोगाने माझ्याकडे आले.

२०१९ च्या श्रावणातली गोष्ट. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी ठाण्याला असते. तिचा मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता. वर्षाचा असल्यापासून त्याला अधूनमधून फिट्स येत. औषधे चालू होती, देवाधर्माचेही चालू होते. अखेर डॉक्टरांच्या सांगण्यावरून त्याच्या आणि आईबापांच्या रक्ताची तपासणी झाली आणि दीड महिन्याने सात पानांचा रिपोर्ट आला. भाचीचा फोन आला, "मामा, इंग्रजी आम्हालाही येतं. पण हे इंग्रजी काही वेगळंच आहे. तू एकदा येऊन जा."

मी गेलो. जावईबापू कॉम्प्युटर कंपनीत नोकरीला. त्यांनी त्या सात पानांतले आकडे कोष्टकात मांडून ठेवले होते. पण कोष्टकाला जीभ नसते. मी रिपोर्ट हातात घेतला आणि तिसऱ्या पानावर एका शब्दापाशी थांबलो. व्हेरिएंट! हा शब्द तर माझ्या धंद्यातला. दोन हस्तलिखितांत एकाच ओवीत एखादे अक्षर वेगळे असले, की त्याला आम्ही पाठभेद म्हणतो, इंग्रजीत व्हेरिएंट. त्या पोराच्या एका जनुकात एक अक्षर सर्वसाधारण प्रतीपेक्षा वेगळे होते, आणि ते आईकडून आलेले होते. त्यापुढे लिहिले होते: अर्थ अनिश्चित.

"अनिश्चित म्हणजे काय रे?" भाचीने विचारले. मला उत्तर येत नव्हते. पण पाठभेदाचा अर्थ अनिश्चित का राहतो, एवढे मात्र मला चांगले ठाऊक होते. तुलनेला पुरेशा प्रती हाताशी नसल्या की तो अनिश्चित राहतो.

आपल्याकडे हे काम जुने आहे. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती लेखकांच्या हातून पिढ्यान् पिढ्या शिरलेले अपपाठ दूर करूनच. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ मध्ये पुरे झाले. डॉ. वि. स. सुकथनकरांसारख्या पंडिताने त्यात आपले आयुष्य वेचले. त्यासाठी देशोदेशीच्या हजारावर पोथ्या तपासल्या गेल्या. कोणती चूक कोणत्या पोथीत प्रथम शिरली आणि तिथून कोणाकोणाकडे गेली, याची वंशावळ मांडावी लागते. एकच चूक दोन पोथ्यांत आढळली, की त्या बहुधा एका आईच्या लेकी.

आता शरीरातल्या पोथीकडे येऊ. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएचा जो धागा आहे त्याला अक्षरे चारच: अ‍ॅडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन. या चार अक्षरांत माणसाचा सगळा मजकूर लिहिलेला. लांबी सुमारे तीनशे कोटी अक्षरांची, आणि प्रती दोन, एक आईकडची आणि एक बापाकडची. कंसात सांगायचे तर ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजार आहेत, आणि तेवढ्याने आमच्या विद्यार्थ्यांना घाम फुटतो. वाचायला ही पोथी मोडी कागदपत्रांसारखी: सगळी सलग ओळ, शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्ह नाही. आणि यातला प्रत्यक्ष प्रथिने घडवण्याचा मजकूर शेकडा दोनाहूनही कमी. बाकीच्यात काही सूचना, काही जुने अवशेष, काही अजून न उकललेले.

हा पदच्छेद करायचा कोणी? जीवशास्त्रज्ञाला विषय कळतो, पण तीनशे कोटी अक्षरे तो डोळ्यांनी वाचू शकत नाही. संगणकवाला ती क्षणात वाचू शकतो, पण आपण काय वाचतो आहोत हे त्याला कळत नाही. म्हणजे आंधळ्यापांगळ्याची जुनी गोष्ट. फरक एवढाच, की इथे दोघेही एम.ए., पीएच.डी. आणि दोघांनाही आपणच खांद्यावर बसलो आहोत असे वाटते. शिवाय भाषा वेगळी. 'लायब्ररी' हा साधा शब्द घ्या. जीवशास्त्रज्ञाची लायब्ररी म्हणजे डीएनएच्या तुकड्यांचा जपून ठेवलेला साठा. संगणकवाल्याची लायब्ररी म्हणजे तयार प्रोग्रॅमांचा संग्रह. माझी लायब्ररी म्हणजे जिथला पंखा नेमका मे महिन्यात बंद असतो ती. एका टेबलाशी तिघे बसले आणि "लायब्ररीत बघा" म्हणाले, तर तिघे तीन दिशांना जातील.

या दोन शास्त्रांचे पहिले सूत जुळले ते प्रथिनांवरून. मार्गारेट डेहॉफ ही अमेरिकन विदुषी शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ. तिचा सहकारी रॉबर्ट लेडली मूळचा दातांचा डॉक्टर. १९६२ साली या दोघांनी प्रथिनांचे तुकडे जुळवून पूर्ण माळ बसवणारा प्रोग्रॅम आयबीएमच्या प्रचंड यंत्रासाठी तयार केला. १९६५ मध्ये डेहॉफबाईंनी तोवर माहीत झालेल्या प्रथिनांचा नकाशासंग्रह छापला. त्यात प्रथिने होती अवघी पासष्ट. अमिनो आम्लांची लांबलचक नावे यंत्राच्या पोटात मावेनात, म्हणून त्यांनी एकेका आम्लाला एकेक अक्षर दिले. आज जगभर तीच बाराखडी चालते.

दुसरी गोष्ट तर अगदी घरगुती आहे. केंब्रिजला फ्रेडरिक सँगर यांच्या प्रयोगशाळेने १९७७ साली एका विषाणूचा डीएनए अक्षरश: वाचून काढला. पाच हजारांच्या वर अक्षरे. (सँगर यांना नोबेल दोनदा मिळाले, १९५८ आणि १९८० मध्ये, दोन्ही वेळा रसायनशास्त्राचे.) त्या वेळी मायकेल स्मिथ नावाचे शास्त्रज्ञ कॅनडातून वर्षभरासाठी तिथे गेले होते. एवढी अक्षरे हाताने उतरवायची, मोजायची, चुका शोधायच्या, म्हणजे डोळ्यांची परीक्षाच! स्मिथ यांचे एक सोयरे, डंकन मॅकॅलम, गावातच होते. व्यापारी कामाचे प्रोग्रॅम लिहिणारे. स्मिथ यांनी त्यांना गाठले आणि डीएनएची अक्षरे सांभाळणारा अगदी सुरुवातीचा प्रोग्रॅम अशा रीतीने सोयरिकीतून जन्माला आला. लग्नसंबंधांचे हे फळ आपल्या समाजशास्त्रज्ञांच्या नजरेतून निसटलेले दिसते. पुढे १९९३ मध्ये स्मिथ यांनाही नोबेल मिळाले, ते मात्र वेगळ्या कामासाठी.

परंतु पाच हजार अक्षरे कुठे आणि तीनशे कोटी कुठे? खरी अडचण अशी की, डीएनएची अख्खी ओळ एका दमात वाचणारे यंत्र तेव्हा नव्हते. विसाव्या शतकाच्या अखेरीची उत्तम यंत्रे एका वेळी पाचसहाशे अक्षरे वाचत. मग युक्ती कोणती? अशी कल्पना करा, की तुमच्या घरी एकाच दिवाळी अंकाच्या दहा प्रती आहेत आणि घरातल्या चिरंजीवांनी त्या दहाही प्रतींच्या बारीक चिंध्या केल्या. प्रत्येक प्रत वेगळ्या ठिकाणी फाटलेली. आता एका चिंधीचा शेवट आणि दुसरीचा आरंभ सारखा दिसला, की त्या एकमेकींना जोडायच्या. असे करीत करीत अंक पुन्हा उभा करायचा. चिकाटीचे काम आहे, पण अशक्य नाही.

अशक्य होते ते ध्रुवपदापाशी. आरत्यांची पुस्तिका घ्या. प्रत्येक कडव्यानंतर तेच ध्रुवपद. एखाद्या चिंधीवर नुसते ध्रुवपदच आले, तर ती पहिल्या कडव्याखाली लावायची की पाचव्या? आणि आपल्या डीएनएत निम्म्याच्या आसपास मजकूर असा पुन्हा पुन्हा येणारा आहे! 'अलू' नावाचा सुमारे तीनशे अक्षरांचा एकच तुकडा दहा लाखांहून अधिक ठिकाणी विखुरलेला आहे. काय हे कीर्तन! या ध्रुवपदांनी भल्याभल्या गणितज्ञांना रडवले आहे.

मानवी जीनोम वाचण्याचा सार्वजनिक प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला, तो अनेक देशांच्या सहकार्याने आणि पंधरा वर्षांच्या मुदतीने. त्यातल्या लोकांनी सावध मार्ग धरला. आधी पोथीचे दीड-दीड लाख अक्षरांचे अध्याय पाडायचे, त्यांचा नकाशा करायचा आणि मग एकेक अध्याय फाडून जोडायचा. १९९६ साली बर्म्युडा बेटावर भरलेल्या बैठकीत त्यांनी एक मोठा निर्णय घेतला: जे वाचून होईल ते चोवीस तासांच्या आत जगासाठी खुले करायचे. माझ्या मते या साऱ्या कथेतली सर्वात धाडसी गोष्ट हीच. आमच्या क्षेत्रात एखाद्याला जुने हस्तलिखित सापडले, तर ते छापून होईपर्यंत तो सख्ख्या भावालाही दाखवीत नाही.

१९९८ मध्ये क्रेग व्हेंटर यांनी सेलेरा नावाची कंपनी काढली आणि जाहीर केले, की आम्ही हेच काम तीन वर्षांत करू. अध्याय वगैरे पाडणार नाही. सगळी पोथी एकदम फाडायची आणि संगणकाकडून जोडून घ्यायची. हे होऊ शकते असे गणिताने मांडणारे जीन मायर्स हे संगणकशास्त्रज्ञ व्हेंटर यांना येऊन मिळाले. कित्येकांनी त्यांना वेड्यात काढले होते. पण २००० च्या मार्चमध्ये त्यांनी फळमाशीचा जीनोम बर्कलीच्या शास्त्रज्ञांबरोबर याच रीतीने जोडून दाखवला आणि टीकाकारांची तोंडे बंद केली. तेव्हा सेलेराला या नाटकातला खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. पुढे जगाने बऱ्याच अंशी मायर्स यांचीच वाट धरली.

प्रश्न हक्काचा होता. कंपनी पोथी वाचणार आणि वाचकांकडून वर्गणी घेणार. हजारो जनुकांवर तिने पेटंटचे प्राथमिक अर्जही करून ठेवले होते. माणसाच्या अंगातली अक्षरे, आणि ती वाचायला परवानगी दुकानदाराची! सार्वजनिक प्रकल्पाजवळ अक्षरे भरपूर जमली होती, पण ती होती चिंध्यांच्या स्वरूपात. जोडलेली पोथी नव्हतीच.

१९९९ च्या डिसेंबरात प्रकल्पातले एक धुरीण एरिक लँडर यांनी डेव्हिड हाऊस्लर यांना हाक मारली. हाऊस्लर हे कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझ इथल्या विद्यापीठात संगणकशास्त्राचे प्राध्यापक. गंमत अशी, की विद्यार्थिदशेत ते थोरल्या भावाच्या जीवरसायनाच्या प्रयोगशाळेत ड जीवनसत्त्वावर काम करीत असत. तो वास त्यांच्या अंगाला लागलेला होताच. यंत्राला माणसाचे बोलणे ओळखायला शिकवण्यासाठी जे संभाव्यतेचे गणित वापरत, ते त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथिनांच्या आणि जनुकांच्या शोधात आणले होते. बोलतानाही आपण शब्दांमध्ये जागा सोडत नाही. तरी ऐकणाऱ्याला शब्द कुठे संपला ते कळते. डीएनएच्या सलग ओळीत जनुक कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे ओळखण्याचा प्रश्न त्याच जातीचा. माझ्यासारख्या भाषेच्या माणसाला हे वाचून किती आनंद झाला म्हणून सांगू!

लँडर यांना हाऊस्लर यांच्याकडून हवा होता तो पदच्छेद, म्हणजे जनुके शोधून देणे. पण पाने क्रमाने लागल्याशिवाय पदच्छेद कसला करणार? जोडणीचे काम तर रेंगाळलेले. मे महिना उजाडला. सेलेराची घोषणा जवळ येत चालली.

अशा वेळी पुढे आला तो जिम केंट. वय चाळीस, आणि शिक्षण जीवशास्त्राच्या पीएच.डी.चे, तेही अपुरे. आमच्याकडे अशा माणसाला 'अजून शिकतोच आहे का?' असे लग्नकार्यात विचारतात. आधी तो संगणकावर चित्रे हलवण्याचे प्रोग्रॅम लिहीत असे. त्यात त्याचे नाव आणि पैसा दोन्ही झाले होते. मग त्या धंद्याचा त्याला कंटाळा आला. त्याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. विंडोज ९५ साठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना जी सामग्री मिळे, ती बारा सीडींवर यायची. माणसाचा जीनोम एका सीडीवर मावतो, आणि तो दर तीन महिन्यांनी बदलत नाही, असे म्हणून हा गृहस्थ जीवशास्त्र शिकायला गेला.

केंटने हाऊस्लर यांना सांगितले, की जोडणीचा प्रोग्रॅम मी लिहितो. विद्यापीठाने शंभर पेन्शियम संगणकांची सोय करून दिली. आजच्या मानाने ती यंत्रे काहीच नव्हेत. पण एका कामाला शंभर जणांनी एकदम हात घातला, की पंगत वाढून होते. पुढचे चार आठवडे केंट लिहीत राहिला. दिवसरात्र कळा बडवून मनगटे सुजत. रात्री त्यांवर बर्फ धरायचा आणि सकाळी पुन्हा बसायचे. दहा हजार ओळींचा प्रोग्रॅम त्याने जवळजवळ एकट्याने उभा केला.

तो प्रोग्रॅम काय करी, हे सांगण्यासारखे आहे, कारण दोन शास्त्रे एकत्र येतात म्हणजे काय ते तिथे दिसते. नुसती चिंध्यांची टोके जुळवली, तर ध्रुवपदांपाशी फसगत ठरलेली. म्हणून केंटने जीवशास्त्राने आणलेला प्रत्येक बारकासा पुरावा कामी लावला. एखादा तुकडा दोन्ही टोकांनी वाचलेला असला, तर त्या टोकांमधले अंतर साधारण ठाऊक असते. पेशी एखाद्या जनुकाची नक्कल काढून वापरते, ती नक्कल हाती असली तर जनुकाचे दूरदूरचे भाग कोणत्या क्रमाने यायला हवेत ते कळते. अध्यायांचा नकाशा तर होताच. नवरानवरीच्या पत्रिका, गोत्र, मामेकुळ असे सगळे बघून स्थळ जुळवावे, तसा त्याने एकेक तुकडा जुळवला. निव्वळ संगणकवाल्याला हे पुरावे सुचले नसते, आणि निव्वळ जीवशास्त्रज्ञाला काही लाख तुकड्यांवर ते चालवता आले नसते. शिवाय या पुराव्यांत कोणता किती भरवशाचा, हे ठरवायला प्रयोगशाळेतला चिखल माहीत असावा लागतो.

२२ जून २००० रोजी सार्वजनिक पोथी प्रथम जोडून झाली. सेलेराची जोडणी पुरी झाली २५ जूनला. अवघ्या तीन दिवसांचा फरक! २६ जून रोजी वॉशिंग्टनच्या व्हाइट हाऊसमध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी, आणि उपग्रहाद्वारे ब्रिटनचे पंतप्रधान ब्लेअर यांनी, दोन्ही पक्षांना मानाचे नारळ दिले. खरे म्हणजे दोन्ही पोथ्या तेव्हा खंडितच होत्या. कुठे पाने गहाळ, कुठे उलटी लागलेली. पण ७ जुलैला सांताक्रूझच्या लोकांनी आपली पोथी इंटरनेटवर फुकट ठेवली. ती उतरवून घ्यायला जगभरातून झुंबड उडाली. आषाढीला पंढरपूरला जावे तसे!

मागोमाग केंटने ही पोथी सहज चाळता यावी म्हणून एक 'जीनोम ब्राउझर' तयार केला. अमुक अध्याय, अमुक ओळ म्हटले की तेवढा भाग समोर येतो. खाली जनुके, त्याखाली पाठभेद, त्याखाली उंदराच्या पोथीत तिथे काय आहे ते. टीका, तळटीपा, पाठांतरे सगळे एका पानावर. आमच्या ज्ञानेश्वरीला असे काही कोणी करून देईल तर मी त्याला घरी पुरणपोळीचे जेवण घालीन. पेटंटाच्या प्रश्नावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या जूनमध्ये निकाल दिला: निसर्गात जसा आहे तसा डीएनए कोणाच्या मालकीचा होऊ शकत नाही.

पोथी पुरी झाल्याची घोषणा २००३ मध्ये पुन्हा एकदा झाली. तरी शेकडा आठ भाग कोराच होता. कोणता? अर्थातच ध्रुवपदांचा! तो भरायला २०२२ साल उजाडले. तोवर एका दमात हजारो, प्रसंगी लाखावर अक्षरे वाचणारी यंत्रे आली होती. त्या कामाचे नेतृत्वही जोडीनेच केले. कॅरेन मिगा या बाई ध्रुवपदांचाच अभ्यास करणाऱ्या जीवशास्त्रज्ञ, आणि अ‍ॅडम फिलिपी हे संगणकाच्या बाजूचे. पुरुषांच्या वाय गुणसूत्राची पोथी तर त्यानंतर, २०२३ मध्ये हाती आली. तिच्यात ध्रुवपदे फार. घरोघरच्या गृहिणींना याचे नवल वाटू नये. पुरुष तेच तेच बोलतात हे त्यांनी केव्हाच ताडलेले आहे.

या देवाणघेवाणीत आमच्या बाजूलाही काही आले. १९९८ मध्ये केंब्रिजचे एक जीवरसायनशास्त्रज्ञ आणि इंग्रजी साहित्याचे काही अभ्यासक एकत्र बसले. चॉसर या जुन्या इंग्रज कवीच्या 'कँटरबरी टेल्स'मधल्या एका भागाची अठ्ठावन्न हस्तलिखिते त्यांनी घेतली आणि प्राण्यांची वंशावळ काढण्याचे संगणकी तंत्र त्या पोथ्यांना लावले. कोणती पोथी कोणाच्या जवळची, याचे झाड उभे राहिले. तो लेख छापला 'नेचर' या शास्त्रीय साप्ताहिकाने! मी तो लेख आमच्या विभागात फिरवला. दोघांनी वाचला, एकाने परत केला.

आणि करोनाच्या काळात तर ही विद्या घरोघर पोचली. सुमारे तीस हजार अक्षरांची ती विषाणूची पोथी २०२० च्या जानेवारीत जगापुढे आली, आणि लसींचे आराखडे तिच्यावरूनच आखले गेले. डेल्टा, ओमायक्रॉन म्हणजे तरी काय? पाठभेदच. नक्कल करताना झालेले हस्तदोष, आणि त्यांतले काही टिकून राहिलेले. ओमायक्रॉन कोणाच्या वंशातला, हे ओळखण्याची रीत सुकथनकरांना परकी वाटली नसती.

आपल्या इकडे पुणे विद्यापीठात या जोडशास्त्राचे केंद्र विसाव्या शतकाच्या नवव्या दशकातच निघाले होते, म्हणजे ज्या काळी आपल्यातल्या बहुतेकांनी संगणक फक्त बँकेच्या संपाच्या बातम्यांत ऐकला होता तेव्हा. पण ज्ञानेश्वरी शोधायची तर मराठवाड्यातल्या, कोकणातल्या, तंजावरच्या पोथ्या हव्यात. नुसत्या लंडनच्या चालत नाहीत. जगातल्या जीनोम-भांडारांत युरोपीय वंशाच्या माणसांच्या पोथ्या रगड आणि आपल्या फार थोड्या, अशी कित्येक वर्षे स्थिती होती. मग आपल्याकडे सर्रास आढळणारे एखादे अक्षर त्या भांडाराला अनोळखी वाटते, आणि शेरा पडतो: अर्थ अनिश्चित. ही उणीव भरण्यासाठी देशातल्या वीस संस्थांनी मिळून 'जीनोम इंडिया' प्रकल्पात निरनिराळ्या जातीजमातींतल्या दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचले. २०२५ च्या जानेवारीत ती माहिती संशोधकांसाठी खुली झाली. फरीदाबादच्या भांडारात ती ठेवलेली आहे.

ठाण्याच्या घरात मात्र मधली सहा वर्षे तो शेरा टांगलेला होता. पाठभेद आईकडून आलेला. ती स्वत: धडधाकट, तेव्हा तो निरुपद्रवी असेल, असे डॉक्टर म्हणत, पण काही वेळा एकाला बाधत नाही ते दुसऱ्याला बाधते, असेही म्हणत. घरात कोणी काही बोलले नाही. पण एका हळदीकुंकवाला नात्यातल्या कोणा बाईने "तुमच्याकडूनच आलंय म्हणे" एवढे सहज म्हटले, आणि भाचीने तेव्हापासून हळदीकुंकवाला जाणे सोडले. दुसऱ्या मुलाचा विचारही तिने सोडून दिला. ताई मला फोनवर विचारी, "अरे, माझ्यामुळे का रे? माझ्या आईमुळे? हे किती मागे न्यायचं?" मी तिला पोथ्यांच्या वंशावळीबद्दल काहीतरी सांगे. तिचे समाधान होत नसे, आणि ते होण्यासारखेही नव्हते.

यंदाच्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी जुना रिपोर्ट नव्या माहितीशी ताडून पाहण्यासाठी पुन्हा पाठवला. रक्त घ्यावे लागले नाही. अक्षरे तीच, फक्त तुलनेच्या प्रती वाढलेल्या. गणपतीच्या आधी दोन पानी उत्तर आले. मी तेव्हा ठाण्यालाच होतो. जावईबापूंनी ते उभ्याउभ्या वाचले. हाच पाठभेद भारतातल्या निरोगी माणसांत इतक्या वेळा आढळतो, की तो आजाराचे कारण असणे शक्य नाही. शेरा बदलला: निरुपद्रवी.

"म्हणजे माझ्यामुळे नाही?" भाचीने विचारले.

"नाही."

"मग कशामुळे?"

"ते अजून सापडलेलं नाही," जावई म्हणाले. "ते म्हणतात, दोन वर्षांनी पुन्हा बघू."

मला वाटले, ती आता चिडेल. सहा वर्षे थांबून शेवटी हातात आले काय, तर कोरे पान. पण ती तशीच स्वयंपाकघरात गेली, गॅस बारीक केला आणि म्हणाली, "मामा, आईला फोन लाव. तूच सांग तिला. तुझ्याकडून तिला पटतं."

मुलगा आता नऊ वर्षांचा आहे. औषध चालू आहे. गेल्या पावसाळ्यापासून फिट आलेली नाही. परवा मी गेलो तेव्हा तो आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या कापीत बसला होता आणि त्याचे वडील खळ शिजवीत होते. मी ताईला फोन लावला त्या दिवशीची एक गोष्ट सांगायची राहिली. सगळे ऐकून घेतल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, "तो कागद फेकू नका म्हणावं. मला बघायचाय."